बैलगाडीभर पुरावे आणि एक रिकामा रकाना

महाराष्ट्रात कुणालाही नुसतं ‘70 हजार कोटी’ म्हणा. पुढचे दोन शब्द समोरचा स्वतःच पुरवतो : सिंचन घोटाळा. रिक्षावाला पुरवतो, प्राध्यापक पुरवतात, दहावीतला पोरगाही पुरवेल. मग त्यालाच विचारा, हे 70 हजार कोटी नेमके कशाचे? उत्तर ठरलेलं असतं. ‘खाल्ले की तेवढे!’

तेवढे खाल्ले, असं मुळात कुठल्याही सरकारी कागदात नव्हतं. 2011-12 च्या राज्याच्या आर्थिक पाहणीत एक प्रमाण छापलं गेलं. पिकांखालच्या एकूण क्षेत्रापैकी ओलिताखालचं क्षेत्र दहा वर्षांपूर्वी 17.8 टक्के होतं, ते आता 17.9 टक्के झालं. म्हणजे दहा वर्षांत 0.1 टक्का. याच दहा वर्षांत सिंचनावर झालेला खर्च म्हणून 70 हजार कोटींचा आकडा या 0.1 च्या शेजारी मांडला गेला. दोन आकडे शेजारी आले आणि बघता बघता ‘खर्च’ हा शब्द गळून त्या जागी ‘घोटाळा’ आला. त्या वेळी ज्यांच्याकडे बोट होतं, त्या आधी जलसंपदामंत्री राहिलेल्या अजित पवारांनी हा खर्चाचा आकडाही वेळोवेळी नाकारला. पण तोवर आकडा घोषणा झाला होता, आणि घोषणेला कुणी पावती मागत नाही.

यातून घोटाळा झालाच नाही, असं मला म्हणायचं नाही. वाचणाऱ्यांपैकी निम्मे लोक आत्ताच मला एका बाजूच्या बाकावर बसवून मोकळे झाले असतील, म्हणून हे आधीच सांगतो. मला बोलायचंय ते आकड्याच्या वापराबद्दल. प्रश्नाचा दगड करून समोरच्यावर भिरकावला की त्या प्रश्नाचं पुढे काय होतं, याबद्दल.

मी काही वर्षं एका मराठी वृत्तवाहिनीत डेस्कवर होतो. संध्याकाळच्या चर्चेला पाहुणे जमवणं हे माझ्याकडचं एक काम. दुपारी तीनच्या बैठकीत विषय ठरायचा आणि साडेतीनपासून माझे फोन सुरू व्हायचे. साचा ठरलेला : सत्ताधारी एक, विरोधक दोन, एक ज्येष्ठ पत्रकार, आणि जमलंच तर ‘विश्लेषक’, म्हणजे आधी कुठल्या तरी पक्षात असलेला. प्रवक्ते एकच गोष्ट विचारायचे, ‘समोर कोण आहे?’ विषय काय, हे पुष्कळदा गाडीत बसल्यावर.

सिंचनाचा विषय तापला होता, तेव्हा मी हट्टाने पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका अभियंत्यांना बोलावलं. फोनवर त्यांनी वेगळंच विचारलं. ‘मला दोन मिनिटं सलग बोलू द्याल का?’ मी हो म्हटलं. तसं म्हणायचा मला काडीचाही अधिकार नव्हता. ते आलेखाच्या कागदावर हाताने काढलेला तक्ता गुंडाळी करून घेऊन आले. चर्चा सुरू झाली, पहिल्या पंधरा मिनिटांत घसे बसले आणि निवेदकाने त्यांच्याकडे मोर्चा वळवला. ते म्हणाले, ‘निर्माण झालेली सिंचनक्षमता आणि प्रत्यक्ष भिजलेलं क्षेत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा 0.1 चा आकडा...’ झालं. उजव्या खिडकीतले प्रवक्ते ओरडले, ‘म्हणजे घोटाळा झालाच नाही, असं म्हणायचंय का तुम्हाला?’ डाव्या खिडकीतले त्याहून मोठ्याने म्हणाले, ‘बघा, खात्याचे जाणकारच सांगताहेत, घोटाळा नाही!’ त्यानंतरची पंचवीस मिनिटं हे गृहस्थ ‘मी तसं म्हटलं नाही’ एवढंच वेगवेगळ्या स्वरांत म्हणत राहिले. तक्ता उलगडलाच गेला नाही. निघताना त्यांनी चहा घेतला, गुंडाळी बगलेत मारली आणि विचारलं, ‘दादरपर्यंत गाडी मिळेल का?’

त्या तक्त्यात काय होतं, ते मी नंतर त्यांच्याकडूनच समजून घेतलं. धरण बांधून झालं, कालवा खणून झाला की खातं म्हणतं, इतके हेक्टर क्षमता निर्माण झाली. पण कालव्यातून शेतात पाणी जातं ते वितरिका, चाऱ्या, पोटचाऱ्यांमधून. त्या झाल्या नाहीत तर क्षमता कागदावर राहते. झाल्या तरी वरच्या अंगाला ऊस उभा असेल तर आवर्तनाचं, म्हणजे पाळीने सोडलेलं, पाणी टेलपर्यंत, कालव्याच्या शेवटच्या टोकापर्यंत, पोचत नाही. बरंच पाणी मुरतं, काही शहरांना आणि कारखान्यांना वळवलं जातं, काही जलाशयातूनच मोटारी टाकून उचललं जातं. शिवाय आर्थिक पाहणीतल्या प्रमाणात विहिरींवरचं ओलितही असतं, आणि त्याचं मूळ गावोगावच्या तलाठ्याच्या पीकनोंदीत. जलसंपदा खात्याची मोजणी वेगळी, महसूल आणि कृषी खात्याची वेगळी. दोन खात्यांनी दोन मापांनी मोजलं तर उत्तरं जुळणार कशी? 2012 च्या नोव्हेंबरअखेर सरकारने काढलेल्या श्वेतपत्रिकेत जलसंपदा खात्याने आपल्या मापाने वाढ बरीच जास्त दाखवली. त्यावर विरोधकांनी ‘ही काळी पत्रिका’ म्हटलं आणि सत्ताधाऱ्यांनी पेढे वाटले. दोन मापं का आहेत आणि एक कधी करणार, हे मात्र त्या आठवड्यात आमच्या वाहिनीवर तरी कुणी विचारलं नाही. मीही नाही. मी पाहुणे जमवत होतो.

खरं म्हणजे विचारण्यासारखं भरपूर होतं. भंडारा जिल्ह्यात पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्द धरण आहे. 1983 साली मान्यता मिळाली तेव्हा त्याची किंमत होती 372 कोटी. 1988 मध्ये राजीव गांधींनी भूमिपूजन केलं. अडीच लाख हेक्टर भिजवायचं ठरलं होतं. पुढे तो राष्ट्रीय प्रकल्प झाला, आणि 2016 मध्ये सुधारित प्रशासकीय मान्यतेने, खात्यात जिला ‘सुप्रमा’ म्हणतात तिने, किंमत 18 हजार कोटींच्या वर गेली. तेव्हाही कालव्यांची कामं चालूच होती. 372 चे 18 हजार होताना महागाई किती, भूसंपादन आणि पुनर्वसन किती, आराखड्यातले बदल किती आणि कंत्राटदाराच्या घशात किती, हे वेगळं काढता येतं. 2009 मध्ये विदर्भातल्या प्रकल्पांच्या किमती काही महिन्यांत फुगवल्या गेल्या, हा आरोप तर थेट तारखा आणि फायलींचा होता. मुख्य अभियंता विजय पांढरे यांचं गैरप्रकारांवर बोट ठेवणारं पत्र खात्याच्या आतूनच आलं होतं. ‘70 हजार कोटी’ या चेंडूपुढे या फायली कुणालाच नको होत्या. फाईल वाचायला दिवस लागतो, चेंडू टोलवायला श्वास पुरतो.

वाहिन्यांची यातली सोय पैशाची आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. गोसीखुर्दला ओबी व्हॅन (थेट प्रक्षेपणाची गाडी), बातमीदार आणि कॅमेरामन तीन दिवस पाठवायचं तर खर्च मंजूर करून घ्यावा लागतो. चार खिडक्यांत चार माणसं भांडत बसवायला चहा आणि टॅक्सी लागते. तास भरतो. दुसऱ्या दिवशी त्याच भांडणाचा तुकडा काढून ‘अमक्याने तमक्याला सुनावलं’ अशी बातमी होते, त्यावर तिसऱ्याची प्रतिक्रिया, त्यावर चौथ्याचा पलटवार. सकाळी साडेनऊला एका नेत्याच्या दारात बूम लागतात, दहाला दुसऱ्याच्या. ‘पलटवार’, ‘घणाघात’, ‘टोला’, ‘खरपूस समाचार’, ‘कलगीतुरा’ : टिकरवरचे आमचे हे शब्द पाहिले तर आम्ही कुस्तीचं धावतं वर्णन करत होतो असंच वाटेल. कलगीतुऱ्यात निदान कवन नवं रचावं लागायचं.

आता यातलं माझं सगळ्यात आवडतं दृश्य. 2013 मध्ये भाजपचे देवेंद्र फडणवीस आणि विनोद तावडे सिंचनाच्या चौकशीसाठी नेमलेल्या माधवराव चितळे समितीकडे औरंगाबादला कागदपत्रं घेऊन गेले ते बैलगाडीतून. ‘बैलगाडीभर पुरावे’ हा वाक्प्रचार तिथून मराठीत आला. मला त्या बैलगाडीबद्दल तक्रार नाही. विरोधकाने लोकांचं लक्ष वेधायचं नाही तर काय करायचं? एक मित्र एका पक्षाचा जुना कार्यकर्ता आहे. तो मला नेहमी सुनावतो, ‘सभेत मी टेल आणि पोटचारी सांगत बसलो तर माणसं उठून तंबाखू मळायला जातील. मुद्दा एका वाक्यात बसला पाहिजे.’ त्याचं खरं आहे. आरडाओरडा झाला नसता तर श्वेतपत्रिका निघाली नसती, 25 सप्टेंबर 2012 ला अजित पवारांचा राजीनामा आला नसता, चितळे समितीही नेमली गेली नसती. 1972 च्या सुमारास मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांनी बायकांचे लाटणे मोर्चे काढले, तेही नाटकच होतं म्हणा ना! पण लाटण्यामागे मागणी होती : तेल, रॉकेल, साखर, रेशनचा भाव. मंत्र्याला द्यायचं उत्तर किलोत आणि लिटरमध्ये द्यावं लागे. मोर्चातली बाई घरी जाऊन डबा उघडून बघू शकत होती की मोर्चा जिंकला की नाही.

बैलगाडीत काय होतं हे शेतकऱ्याला तसं तपासता येत नव्हतं. त्याच्यासाठी ते तपासण्याचं काम पुढे त्या गाडीवानांचंच होतं, कारण वर्षभरातच ते सत्तेत आले.

पुढचा घटनाक्रम सगळ्यांना माहीत आहे, तरी सलग वाचण्यात मजा आहे. राजीनाम्यानंतर श्वेतपत्रिका आली आणि आठवड्याभरात, डिसेंबर 2012 मध्ये, अजित पवार पुन्हा उपमुख्यमंत्री झाले. 2014 च्या प्रचारात फडणवीसांचं ‘चक्की पिसिंग’, म्हणजे अजित पवार तुरुंगात दळण दळतील, हे गाजलं. भाजपचं सरकार आलं, लाचलुचपत प्रतिबंधक विभागाची चौकशी सुरू झाली, गुन्हे दाखल झाले. 23 नोव्हेंबर 2019 ला फडणवीस आणि अजित पवारांचा पहाटेचा शपथविधी झाला. दोन दिवसांनी सिंचनातल्या नऊ चौकश्या बंद झाल्याची बातमी आली. त्यांचा अजित पवारांशी संबंध नसल्याचा खुलासा विभागाने केला. मग त्याच नोव्हेंबरात, सरकार पडता पडता, विभागाने उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात प्रतिज्ञापत्र देऊन त्यांच्यावर जबाबदारी येत नसल्याचं सांगितलं. महाविकास आघाडी आली, ते तिथे उपमुख्यमंत्री झाले आणि ‘70 हजार कोटी’ पुन्हा भाजपच्या तोंडी गेले. 27 जून 2023 ला पंतप्रधानांनी भोपाळच्या भाषणात राष्ट्रवादीच्या घोटाळ्यांचा हिशेब मांडताना तोच 70 हजार कोटींचा आकडा घेतला. पाच दिवसांनी, 2 जुलैला, अजित पवारांनी शिंदे-फडणवीस सरकारात शपथ घेतली. त्या संध्याकाळपासून तो आकडा आणि बैलगाडी दोन्ही विरोधकांच्या मालकीची झाली. ज्या मंडळींनी अकरा वर्षं आकडा खोटा आहे असं सांगितलं, ती दुसऱ्या दिवशी तोच आकडा घेऊन विधानभवनाच्या पायऱ्यांवर. ज्यांनी गाडी हाकली, ते म्हणाले, कायदा आपलं काम करील.

याला लोक दुटप्पीपणा म्हणतात. मला तो शब्द अपुरा वाटतो. दुटप्पी माणसाला निदान दोन मतं असतात. इथे सिंचनाबद्दल मतच नाही. समोर कोण आहे, एवढीच माहिती आहे. माझ्या फोनवर प्रवक्ते विचारायचे तोच प्रश्न. म्हणून समोरचा माणूस उठून शेजारी येऊन बसला की प्रश्न संपतो, आणि तो परत समोर गेला की प्रश्न जसाच्या तसा जिवंत होतो. मधल्या काळात कालव्यात काय झालं याच्याशी त्याचा संबंध नाही. 2024 च्या ऑक्टोबरात तासगावच्या सभेत अजित पवारांनी सांगितलं, की आपल्या उघड चौकशीच्या फायलीवर तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटलांनीच सही केली होती, केसाने गळा कापला. पुढचे चार दिवस महाराष्ट्राने चर्चा केली ती सहीची, फाईल कुणी कुणाला दाखवली याची आणि गेलेल्या माणसाबद्दल असं बोलावं का याची. फायलीत काय आहे, ही बातमी नव्हती. चितळे समितीचा अहवाल 2014 पासून सरकारजमा आहे. तो आपण वाचला असं सांगणारा प्रवक्ता मला एकही भेटला नाही. मी फोन पुष्कळांना केले आहेत.

पण सर्वांत मोठा तोटा मला वाटतो तो वेगळाच, आणि तो कुठल्याही चर्चेत दिसत नाही. ज्या आर्थिक पाहणीतल्या 0.1 ने हे सगळं सुरू झालं, तिच्या पुढच्या अंकांत काय झालं? ओलिताच्या टक्केवारीचा रकाना राहिला आणि त्यात आकड्याऐवजी शब्द आले : उपलब्ध नाही. एका वर्षी नाही, ओळीने कितीतरी वर्षं. आघाडीच्या सरकारने हे सुरू केलं, आणि त्याच आकड्यावर निवडून आलेल्या युतीच्या सरकारनेही तो रकाना रिकामाच ठेवला. का ठेवू नये? 17.9 छापणाऱ्या अधिकाऱ्यांचं काय झालं असेल, याची कल्पना पुढच्या प्रत्येक अधिकाऱ्याला करता येते. खरा आकडा छापला तर संध्याकाळी आठ वाजता तो चार खिडक्यांत फुटणार, आणि फुटलेल्या आकड्याचा तुकडा आपल्याच मंत्र्याच्या पायात घुसणार. त्यापेक्षा ‘मोजणीची पद्धत निश्चित होत आहे’ हे बरं. ज्या राज्यात पाण्यावरून जिल्हे भांडतात, तिथे किती जमीन भिजते हे सरकारच्या सर्वांत महत्त्वाच्या वार्षिक कागदात नसावं आणि त्यावर एकही ‘महाचर्चा’ होऊ नये! कशी होणार म्हणा. रिकाम्या रकान्यात भिरकावण्यासारखं काही नसतं. सरकारी हिशेब तपासणाऱ्या ‘कॅग’चे अहवाल अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर ठेवण्याची आपली प्रथाही याच भीतीची बहीण. अहवाल आला, अधिवेशन संपलं, उरले ते बाहेरचे बाइट.

विधिमंडळात प्रश्नाचा पाठलाग करायला तारांकित प्रश्न आहे, लक्षवेधी आहे, अर्ध्या तासाची चर्चा आहे, लोकलेखा समिती आहे. तिथे मंत्र्याला कागदावर उत्तर द्यावं लागतं, आणि पुढच्या अधिवेशनात तेच उत्तर त्याच्यापुढे धरता येतं. पायऱ्यांवर गळ्यात कांद्याची माळ घालून उभं राहिलं की सगळे कॅमेरे येतात. लोकलेखा समितीच्या बैठकीला एकही येत नाही, येऊही देत नाहीत. मी आमदार असतो तर मीही पायऱ्यांवरच उभा राहिलो असतो. हे कबूल केल्याशिवाय वाहिनीत काम केलेल्या माणसाने राजकारण्यांना शहाणपण शिकवू नये.

माझे मामा संगमनेर तालुक्यात राहतात. त्यांच्या शिवाराजवळून निळवंडेचा डावा कालवा जातो. प्रवरेवरच्या या धरणाची कल्पना 1970 ची, तेव्हाची किंमत आठ कोटींच्या आत. माझ्या लहानपणी मामांच्या बोलण्यात ‘कॅनॉल आला की’ हे वाक्य ‘पाऊस आला की’ यासारखं यायचं. कालवा खणला, वर्षानुवर्षं कोरडा राहिला आणि त्यात वेड्या बाभळी माजल्या. 26 ऑक्टोबर 2023 ला पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं लोकार्पण झालं. तोवर खर्च पाच हजार कोटींच्या पुढे गेला होता. 182 गावांना फायदा, असं सांगितलं गेलं. मी तो कार्यक्रम घरी टीव्हीवर पाहिला. शिर्डीच्या त्या सभेत पंतप्रधानांनी विचारलं, की महाराष्ट्रातले एक ज्येष्ठ नेते इतकी वर्षं देशाचे कृषिमंत्री होते, त्यांनी शेतकऱ्यांसाठी काय केलं? व्यासपीठावर त्या नेत्यांचे पुतणे बसले होते. कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यावर गेला, थांबला, परत आला. बातमी ठरली. पुढे शरद पवारांनी पत्रकार परिषद घेऊन हमीभावांचे आकडे वाचले. नगर जिल्ह्यात धरण कुणी आणलं यावरून श्रेयवादाचे फलक लागले, या गटाचे, त्या गटाचे.

डिसेंबरात मी मामांना फोन केला. म्हटलं, मामा, आलं की पाणी! ते म्हणाले, ‘मेन कॅनॉलला आलंय. बघायला गेलतो, फोटो काढलाय पोरानं. आमच्याकडं चारी कुठंय?’ चारी कधी होणार, असं मी विचारलं. ते म्हणाले, तेच विचारायला तालुक्याच्या कचेरीत दोनदा जाऊन आलो. साहेब भेटले नाहीत.

‘नागपूरला गेलेत म्हणे. अधिवेशन चालू आहे, निळवंड्यावर कुणाचा तरी प्रश्न लागलाय, त्याचं उत्तर लिहायला.’